लोकार्नो १९२५ : वर्गात मांडलेल्या तहाच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५

प्रकल्प नक्की झाला. येत्या १६ ऑक्टोबरला लोकार्नो कराराला, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीची हमी देणाऱ्या तहाला, शंभर वर्षं होतात. गेली अकरा वर्षं मी हा विषय एका तासात उरकतो. कलमं लिहून देतो, ‘महत्त्व’ सांगतो आणि पुढच्या तासाला नाझीवादाकडे वळतो. मुलं परीक्षेत ‘युरोपात शांततेचे नवे पर्व सुरू झाले’ असं लिहितात. मीही निमूटपणे पाचपैकी चार गुण देतो, कारण ते वाक्य मीच दिलेलं असतं.

यंदा द्वितीय वर्षाच्या २३ मुलांना सात शिष्टमंडळांत वाटायचं आणि करार त्यांनाच करायला लावायचा. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, इटली, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया. मूळ परिषद ५ ते १६ ऑक्टोबर १९२५ या काळात चालली. स्वित्झर्लंडमधल्या माज्जोरे सरोवराच्या उत्तर टोकाचं लहानसं गाव, आणि बैठकीची जागा तिथल्या न्यायालयाची इमारत. आमच्याकडे खोली क्रमांक १४ आणि बाहेरचा व्हरांडा. विभागप्रमुखांनी परवानगी दिली, वर ‘चहाचा खर्च तुमचा’ एवढं सांगितलं.

९ ऑगस्ट

भूमिकापत्रांचा पहिला खर्डा तयार. प्रत्येक देशाला एक पान. वर देशाचं नाव आणि प्रतिनिधी, मग तीन मागण्या, आणि सगळ्यात खाली सातही पानांवर एक समान ओळ : ‘अंतिम ध्येय – युरोपात कायमस्वरूपी शांतता.’

नावांनी दमवलं. फ्रान्सचे ब्रियाँ आणि चेकांचे बेनेश सोपे. पोलंडच्या परराष्ट्रमंत्र्याचं नाव रोमन लिपीतून जसंच्या तसं उतरवलं तर ‘स्क्रझिन्स्की’ होतं, पण पोलिश उच्चार ‘स्क्शिन्स्की’च्या जवळचा. तोच ठेवला. मुलं काय ते म्हणोत. शिवाय ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन म्हटल्यावर सगळ्यांना पुढे पंतप्रधान झालेला छत्रीवाला नेव्हिल आठवतो. तो धाकटा सावत्र भाऊ. हे पत्रावर ठळक अक्षरात लिहिलं.

१४ ऑगस्ट

सात मुलांना घेऊन चाचणी केली. पंचवीस मिनिटांत संपली.

जर्मनी झालेल्या मुलाने पहिल्या दहा मिनिटांतच पोलंडची सरहद्द मान्य करून टाकली. ब्रिटनने पूर्वेची, पश्चिमेची, मागितली असती तर चंद्राचीही हमी दिली असती. मी जर्मनीला विचारलं, एवढ्या लवकर कसं काय मान्य केलंस? तो म्हणाला, ‘सर, शेवटी शांतताच हवी ना? तुम्हीच लिहिलंय.’

त्याचं बरोबर होतं. चूक माझ्या खर्ड्यात होती. शांतता ही दुकानावरची पाटी होती, आत प्रत्येकाचा माल वेगळा. लोकार्नोला आलेल्यांपैकी कुणाला युद्ध हवं होतं असं नव्हे. पण नुसती शांतता मिळावी म्हणून कुणी तिथे आलं नव्हतं. ती समान ओळ सातही पानांवरून काढून टाकली.

नवी रचना अशी : उघड पत्र सर्वांसमोर वाचायचं आणि बंद पाकीट एकट्याने. पाकिटात तीन गोष्टी. काय मिळवायचं, काय कुणाला कळू द्यायचं नाही, आणि घरी परत गेल्यावर कोण जाब विचारणार. तिसरी कल्पना राज्यशास्त्राच्या मॅडमची. त्यांचं म्हणणं, टेबलाच्या पलीकडच्यापेक्षा आपल्या पाठीमागचा जास्त त्रास देतो.

२३ ऑगस्ट

फ्रान्सचं पाकीट.

याला हमी हवी, बाकी सगळं दुय्यम. चार कोटींच्या आसपासची लोकसंख्या, शेजारी सहा कोटींवर. महायुद्धात तेरा लाखांहून जास्त सैनिक गेले. १९१९ मध्ये ऱ्हाइन नदीपाशी जर्मनीपासून वेगळा प्रदेश तोडून घेण्याचा हट्ट तेव्हाचे फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोंनी सोडला, तो ब्रिटन आणि अमेरिका मदतीला येतील या वचनावर. अमेरिकी सिनेटने ते वचन उचललंच नाही आणि त्यासोबत ब्रिटनचंही वचन बारगळलं. तेलही गेलं, तूपही गेलं. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्सने बेल्जियमला घेऊन रूरच्या कोळसापट्ट्यात फौजा घातल्या. त्यातून नुकसानभरपाई किती वसूल झाली हा वादाचा मुद्दा आहे, पण फ्रँक घसरला, लंडन रागावलं आणि एकट्याने जर्मनीला वठणीवर आणता येत नाही हे पॅरिसला कळून चुकलं.

म्हणून पाकिटात पहिली ओळ : ‘ब्रिटनची सही. कशीही, पण ब्रिटनची.’ दुसरी ओळ : ‘पोलंडशी १९२१ पासून आणि चेकोस्लोव्हाकियाशी १९२४ पासून तुमची मैत्री आहे. त्यांना सोडलंत असं दिसता कामा नये.’ ‘दिसता’ या शब्दाखाली रेघ मारली. मग वाटलं हे ब्रियाँवर अन्याय करणारं आहे. त्यांनी दोघांशीही परस्पर मदतीचे वेगळे करार तिथेच केले. तरी रेघ ठेवली. ते करार राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) चौकटीत असे बसवले होते की पोलंडच्या मदतीला धावण्यापूर्वी फ्रान्सला चार दारांवर थाप मारावी लागली असती.

७ सप्टेंबर

काल विसर्जनाची मिरवणूक पहाटेपर्यंत चालली. आज डोकं जड आहे, पण तारीख सोडवत नाही. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, ७ सप्टेंबर १९२५ ला, जर्मनीचे परराष्ट्रमंत्री ष्ट्रेझमान यांनी तिथल्या माजी युवराजांना पत्र लिहिलं. ते तेव्हा जगाला माहीत नव्हतं. ष्ट्रेझमान १९२९ मध्ये वारले आणि पत्र १९३२ मध्ये त्यांच्या कागदपत्रांबरोबर छापून आलं.

जर्मनीचं पाकीट म्हणजे जवळजवळ हे पत्रच. त्यात तीन कामं मांडली आहेत. नुकसानभरपाईचा प्रश्न जर्मनीला सोसवेल असा सोडवून शांतता राखायची, कारण शक्ती परत येण्यासाठी ती लागते. परक्या सत्तेखाली राहणाऱ्या एक कोटी ते एक कोटी वीस लाख जर्मनांची काळजी घ्यायची. आणि पूर्वेच्या सरहद्दी दुरुस्त करायच्या : डान्झिग बंदर, पोलिश कॉरिडॉर (पोलंडला समुद्रापर्यंत नेणारा पट्टा), वरचं सायलेशिया.

आता गंमत पाहा. पश्चिमेकडे हाच माणूस फ्रान्सकडे गेलेल्या आल्सास-लोरेनवर पाणी सोडतो, तेही कुणी बंदूक रोखलेली नसताना. २० जानेवारी १९२५ ला लंडनला आणि ९ फेब्रुवारीला पॅरिसला जो प्रस्ताव गेला तो बर्लिनचाच होता. याच्या मागे बर्लिनमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डॅबरनन यांची फूस होती हे खरं. पण मुख्य कारण जवळचं होतं. १९१९ च्या व्हर्साय तहाच्या हिशेबाने, परक्या फौजांनी व्यापलेला कोलोनचा टापू १० जानेवारी १९२५ ला रिकामा व्हायचा होता. निःशस्त्रीकरण नीट झालं नाही असं सांगून दोस्त राष्ट्रांनी तो सोडायला नकार दिला. त्यातच चेंबरलेन फ्रान्सशी थेट युती करायच्या विचारात होते. ती झाली असती तर जर्मनी पुन्हा एकटा पडला असता. तेव्हा आपणच पुढे होऊन पश्चिमेची सरहद्द मान्य केलेली बरी.

मुलांना कसं समजावू याचा विचार करताना बांध आठवला. एका माणसाची जमीन दोन शेजाऱ्यांमध्ये आहे. पश्चिमेचा शेजारी दांडगा, त्याने अंगणात माणसं बसवलीत. पूर्वेचा अलीकडेच वेगळा निघालेला. हा गृहस्थ तलाठ्यासमोर पश्चिमेच्या बांधावर राजीखुशीने अंगठा देतो, गावातल्या दोन वजनदारांना जामीन घेतो. पूर्वेच्या बांधाचं विचारलं की म्हणतो, ‘वाद झाला तर पंचांकडे जाऊ की.’ बांध कुठे आहे ते मात्र बोलत नाही. लोकार्नोतले जर्मनीचे पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाशी झालेले लवादाचे करार असेच आहेत. भांडण पंचांकडे नेऊ एवढंच त्यात आहे, सरहद्द मान्य केलेली नाही.

पत्राबद्दल इशारा लिहून ठेवला : माजी युवराज उजव्या गोटाचा लाडका, आणि ष्ट्रेझमानना त्या गोटाची मतं हवी होती. गिऱ्हाईक पाहून पुडी बांधली असण्याची शक्यता आहेच. माझं स्वतःचं मत असं की तिन्ही कामं त्यांना खरोखर हवी होती, आणि तिसरं युद्धाने नव्हे तर पैशाच्या दाबाने साधेल असा त्यांचा भरवसा होता. त्याच उन्हाळ्यात जर्मनी-पोलंड जकातयुद्ध सुरू झालं होतं.

‘घरी जाब कोण विचारणार’ या रकान्यात जर्मन राष्ट्रवादी पक्ष. परिषद संपून आठवडा-दीड आठवडा होतो न होतो तोच त्यांचे मंत्री सरकारमधून बाहेर पडले.

१३ सप्टेंबर

ब्रिटनचं पाकीट. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

अडचण ही की ब्रिटनला काय नको होतं तेच आधी सांगावं लागतं. राष्ट्रसंघाचा १९२४ चा जिनिव्हा मसुदा सगळीकडच्या आक्रमणाची जबाबदारी अंगावर टाकणारा, म्हणून मार्च १९२५ मध्ये नाकारला. फ्रान्सशी एकट्याशी युती मंत्रिमंडळाने नाकारली. अजिबातच हात झटकले तर फ्रान्स भीतीपोटी पुन्हा रूर करणार, जर्मनी मॉस्कोच्या गळ्यात पडणार आणि व्यापार बुडणार. राहता राहिला ऱ्हाइन. तेवढ्याच पट्ट्याची हमी, आणि तीही दोन्ही बाजूंना : जर्मनीने मोडलं तर फ्रान्सच्या बाजूने, फ्रान्सने मोडलं तर जर्मनीच्या.

पूर्वेबद्दल चेंबरलेन यांचं मत त्यांच्या फेब्रुवारी १९२५ च्या पत्रात आहे. पोलिश कॉरिडॉरसाठी कुठलंही ब्रिटिश सरकार एका ब्रिटिश ग्रेनेडियरची हाडंही पणाला लावणार नाही, अशा अर्थाचं. कल्पना उसनी आहे, बिस्मार्कने बाल्कनबद्दल असंच म्हटलं होतं. पाकिटात ते वाक्य घातलं, सोबत सूचना : ‘हे पोलंडसमोर बोलायचं नाही.’

मग नवव्या कलमापाशी थांबलो. इतकी वर्षं शिकवतोय आणि हे कलम कधी फळ्यावर लिहिलं नाही. ऱ्हाइन कराराचं, म्हणजे लोकार्नोतल्या मुख्य कराराचं, नववं कलम म्हणतं की हा करार ब्रिटिश वसाहती-स्वराज्यांवर किंवा हिंदुस्थानवर, त्यांच्या सरकारांनी मान्यता कळवल्याशिवाय, कोणतंही बंधन घालत नाही. हिंदुस्थान नाव घेऊन!

हे सौजन्य नव्हतं. १९२२ च्या चनाक प्रकरणात लंडनने तुर्कांविरुद्ध हाक दिली तेव्हा कॅनडाने ‘आमची संसद ठरवेल’ म्हणून सांगितलं होतं. आणखी एक नकार जगापुढे येण्यापेक्षा आधीच दार उघडं ठेवलेलं बरं. हिंदुस्थानच्या बाबतीत ‘सरकार’ म्हणजे व्हाइसरॉयचं सरकार, तेव्हा मान्यता कोण देणार होतं ते उघड आहे. तरी कलमात नाव आहे, कारण व्हर्सायवर हिंदुस्थानची सही होती आणि राष्ट्रसंघाचा तो सदस्य होता.

आणि चेंबरलेनना हिंदुस्थान काही नकाशावरचा लाल रंग नव्हता. १९१५ ते १९१७ ते भारतमंत्री होते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेची चौकशी झाली, ठपका असलेला अहवाल आला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या मोहिमेत कुत अल अमारा इथे २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेली डिव्हिजन सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. नऊ वर्षांनी तोच माणूस हमी किती रुंद असावी याचं माप घेत बसला होता. या दोन गोष्टींचा थेट धागा जोडणारा कागद माझ्यापुढे नाही, म्हणून पाकिटात काही घातलं नाही. इथे मात्र लिहून ठेवतो.

वेळ पाहणाऱ्या मुलीला ‘हिंदुस्थान’ असं कार्ड द्यायचं ठरवलं. टेबलावर जागा नाही, बोलायचं नाही. नववं कलम आलं की उभं राहायचं.

२० सप्टेंबर

पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. दोघांना एकच पाकीट द्यावं असा आळशी विचार आला होता. जमणार नाही. बेनेश यांना वाटत होतं की जर्मनीच्या डोळ्यांत सलणारी जागा पोलंड आहे, आपण नव्हे. पोलंडला कॉरिडॉर, डान्झिग, सायलेशिया अशी तिहेरी धास्ती, आणि पलीकडे रशिया. शिवाय तेशेन या सरहद्दीवरच्या भागावरून दोघांचं आपसात वाकडं. एकत्र येऊन टेबल ठोकावं अशी वेळ होती, पण तसं झालं नाही.

खोलीची मांडणी बदलली. हे दोघे मुख्य टेबलावर नाहीत, बाहेर. ष्ट्रेझमान यांनी नंतर घरच्या श्रोत्यांपुढे फुशारकी मारली होती की बेनेश आणि स्क्शिन्स्की यांना आम्ही आत बोलावेपर्यंत शेजारच्या खोलीत बसावं लागलं. आमच्याकडे शेजारची खोली नाही, व्हरांडा आहे.

२७ सप्टेंबर

इटली आणि बेल्जियम एका संध्याकाळी झाले. मुसोलिनींना ऑस्ट्रियाकडच्या ब्रेनर खिंडीतल्या सरहद्दीची हमी हवी होती, ती मिळाली नाही. मग ब्रिटनच्या बरोबरीने जामीनदार म्हणून मिरवायला मिळतंय एवढ्यावर आले. स्वतः अगदी शेवटी उगवले, वेगवान बोटीतून. बेल्जियमचे समाजवादी व्हान्डरवेल्डे त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते आणि कित्येक पत्रकारांनी त्यांच्या पत्रकार परिषदेवर बहिष्कार टाकला. माझी इटली होणारी मुलगी नेहमी उशिरा येते, तिला काही वेगळं सांगायची गरज नाही.

बेल्जियम : १८३९ ची तटस्थतेची हमी १९१४ मध्ये कागदाचा कपटा ठरली, तर यावेळी हमी चांगल्या कागदावर हवी. शिवाय जर्मनीकडून मिळालेलं ओपेन-माल्मेदी राखायचं.

४ ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्टीनंतर दुसरी चाचणी. एक तास चाळीस मिनिटं चालली, आणि भांडणं अस्सल झाली. जर्मनीला राष्ट्रसंघात या म्हटलं तर तो संघाच्या सनदेतल्या सोळाव्या, आक्रमकावर निर्बंध लावण्याच्या कलमावर अडून बसला. रशियावर निर्बंध लावायची वेळ आली तर आमच्या जमिनीवरून फौजा जाणार, आमचं लष्कर एक लाखाचं, आम्ही कशाला मरू? हे त्याने पाकीट वाचून स्वतः काढलं, माझ्या कागदावर फक्त ‘मॉस्कोला दुखवू नका’ एवढंच होतं. खऱ्या परिषदेतही असंच झालं. प्रत्येक सदस्याने आपली लष्करी आणि भौगोलिक परिस्थिती पाहून मदत करावी, असं पत्र इतरांनी मिळून लिहून दिलं, तेव्हा जर्मनी वळला. बैठका चालू असतानाच, १२ ऑक्टोबरला, मॉस्कोत जर्मन-सोव्हिएत व्यापार करारावर सह्या झाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणावं, तर यांनी भांडं लपवलंही नव्हतं.

एक नियम मात्र अडला. ब्रिटनने दोन्ही बाजूंना हमी दिल्यावर फ्रान्सच्या मुलीने विचारलं, ‘मग आमच्याबरोबर लष्करी आखणी कधी करायची?’ ब्रिटनने माझ्याकडे पाहिलं. मी विचार करून सांगितलं की फ्रान्सबरोबर आखणी केलीस तर जर्मनीबरोबरही करावी लागेल. मुलगी म्हणाली, ‘म्हणजे कुणाबरोबरच नाही.’ हो, नेमकं तेच. जामीनदार झाल्यामुळे तयारी करता येत नाही आणि तयारी नसल्यामुळे जामीन खोटा पडतो. चेंबरलेन यांच्या दृष्टीने ही अडचण नव्हतीच. हमी पाळायची वेळ येणारच नाही या हिशेबावर ती दिलेली होती.

नियम बदलला नाही.

११ ऑक्टोबर

मुख्य दिवस. २३ पैकी २१ आले. सकाळी साडेनऊ ते दीड.

मूळ परिषदेत १० ऑक्टोबरला चेंबरलेनबाईंच्या वाढदिवसाचं निमित्त करून सगळे बोटीतून सरोवरात फिरायला गेले आणि बरीचशी गाठ तिथे सुटली असं सांगतात. आमच्याकडे वडापाव. अकराला सुट्टी दिली तेव्हा फ्रान्स आणि जर्मनी जिन्याखाली उभे राहून कुजबुजत होते, आणि आत आल्यावर सोळावं कलम पाच मिनिटांत मिटलं.

ऱ्हाइन करार बाराला झाला. पन्नास किलोमीटरचा निःशस्त्र पट्टा, तिघांचं परस्परांवर हल्ला न करण्याचं वचन, दोघे जामीन. मग पूर्वेचं पान. फ्रान्सने एकदा विचारलं, पूर्वेलाही हमी देता का? ब्रिटनच्या मुलाने हातातलं पाकीट एकदा उघडून पाहिलं, बंद केलं आणि म्हणाला, ‘आम्हाला पोलंडबद्दल फार आदर आहे.’ हे मी लिहून दिलेलं नव्हतं.

नवव्या कलमाला वेळ पाहणारी मुलगी उभी राहिली. कुणी वर पाहिलं नाही, सगळे मसुद्यातल्या स्वल्पविरामावर भांडत होते. ती मिनिटभर उभी राहिली आणि घड्याळाकडे बघत बसली.

शेवटी पाकिटं फोडून मोठ्याने वाचली. पोलंडच्या मुलीने जर्मनीचं ऐकलं, काही बोलली नाही. मग मी दहा मिनिटांत पुढचं सांगितलं. लंडनला १ डिसेंबरला रीतसर सह्या, कोलोन जानेवारीअखेर रिकामं, सप्टेंबर १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात, चेंबरलेन-ब्रियाँ-ष्ट्रेझमान तिघांनाही नोबेल. मे १९२६ मध्ये वॉर्सात मार्शल पिल्सुद्स्कींचा लष्करी उठाव. ७ मार्च १९३६ ला हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये फौजा घातल्या आणि कारण दिलं की फ्रान्सने सोव्हिएतांशी करार करून लोकार्नो आधीच मोडला आहे. जामीनदार जागचे हलले नाहीत. सप्टेंबर १९३८ मध्ये, जर्मनबहुल सुडेटन भाग हिटलरला द्या असा ब्रिटन आणि फ्रान्सचाच दबाव आला तेव्हा, प्रागने लोकार्नोतला लवादाचा करार पुढे केला : आपण पंचांकडे जायचं ठरवलं होतं. दोघांनी तो बाजूला सारायला लावला.

यावर वर्गातून एकच प्रश्न आला, आणि तो ‘हे परीक्षेत येईल का’ असा होता.

१३ ऑक्टोबर

अभिप्राय वाचले. जर्मनी आणि फ्रान्सने दोन-दोन पानं भरलीत. इटलीने वेळ कमी पडल्याची तक्रार केली आहे. ब्रिटनने लिहिलंय की आपण यशस्वी झालो असं त्याला दीडपर्यंत वाटत होतं.

‘कराराचे मुख्य कलम कोणते?’ या प्रश्नाखाली पोलंडने लिहिलंय : ‘माहीत नाही. तेव्हा मी बाहेर होते.’

पुढच्या वर्षीसाठी : पाकिटांना जाड कागद. वेळ अर्धा तास वाढवणे. व्हरांड्यात दोन खुर्च्या, या वेळी दोघी पायरीवर बसल्या होत्या.